‘जगात सर्वांत कमी’ मृत्युदर: एका तुलनेची पार्श्वभूमी

इतर देशांच्या तुलनेत आपला मृत्युदर कमी आहे, हे विधान कोरोना महासाथीच्या काळात भारतातील वाचकाने असंख्य वेळा वाचले. ऑगस्ट २०२० मध्ये हा दर दोन टक्क्यांखाली आला, तेव्हा जगातील सर्वांत कमी दरांपैकी एक म्हणून तो केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या निवेदनांतून वृत्तपत्रांत पोहोचला. हा दर म्हणजे चाचणीत बाधित ठरलेल्यांपैकी किती दगावले याचे प्रमाण होते. चाचण्या वाढल्या आणि सौम्य लक्षणांचे रुग्ण सापडू लागले, की मृत्यू तेवढेच राहूनही ते घसरते. दुसरे माप लोकसंख्येवर काढले जाते, म्हणजे दर दहा लाख लोकांमागे किती मृत्यू. बातम्यांत ही दोन्ही मापे अनेकदा ‘मृत्युदर’ या एकाच नावाने वावरली. दुसऱ्या मापानेही भारत बराच खाली दिसे. निम्मी लोकसंख्या तिशीच्या आतली असणे हे त्यामागचे एक खरे कारण होते. मात्र मृत्यू कोणी आणि कसा मोजला, हा प्रश्न त्याहून मोठा होता.

त्या प्रश्नाचे महत्त्व बेल्जियमच्या उदाहरणावरून कळते. वृद्धाश्रमांत चाचणीविना, केवळ संशयित कोरोनाने झालेले मृत्यूही त्या देशाने पहिल्या लाटेतच मोजले, आणि त्यामुळे लोकसंख्येच्या प्रमाणात तो जगाच्या यादीत वर गेला. शेजारच्या नेदरलँड्सच्या रोजच्या आकड्यात मात्र फक्त चाचणीने सिद्ध झालेले मृत्यू होते. पेरूने ३१ मे २०२१ रोजी निकष बदलून आपला आकडा सुमारे ६९ हजारांवरून १ लाख ८० हजारांवर नेला, तेव्हा एका दिवसात त्या देशाचे जगातील स्थान बदलले.

भारतातील मोजणीची अडचण फार जुनी आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात गावोगावचे मृत्यू गावकामगारांनी नोंदवले आणि त्यांतले बहुसंख्य ‘ताप’ या सदरात गेले. बळींचे अंदाज आजही सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या पुढेपर्यंत जातात. १९२१ च्या जनगणनेत लोकसंख्या १९११ पेक्षा घटलेली आढळली, तेव्हा त्या संहाराची व्याप्ती लक्षात आली. शंभर वर्षांनंतर, २०२० मध्येही, नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू जेमतेम २२ टक्के होते.

महाराष्ट्राचा आकडा इतर राज्यांच्या तुलनेत सतत मोठा दिसला आणि त्यावरून राज्यावर टीकाही झाली. मात्र १६ जून २०२० रोजी राज्याने आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकदम जाहीर केले, त्यांतले ८६२ मुंबईचे होते. मागे राहिलेले मृत्यू उघडपणे यादीत घेणे ही माझ्या मते जमेची बाजू होती, पण राज्याराज्यांची क्रमवारी लावणाऱ्या तक्त्यात तिला जागाच नव्हती.

या साऱ्याला खरी कलाटणी मिळाली ती दुसऱ्या लाटेत, गुजरातच्या वृत्तपत्रांमुळे. एप्रिल २०२१ मध्ये ‘संदेश’चे बातमीदार रात्री रुग्णालयाच्या शवागाराबाहेर आणि स्मशानांत थांबून मृतदेह मोजत होते. ‘दिव्य भास्कर’ने १ मार्च ते १० मे या काळात दिलेल्या मृत्यूच्या दाखल्यांचा हिशेब मांडला: २०२१ मध्ये १ लाख २३ हजार, आदल्या वर्षी याच काळात सुमारे ५८ हजार, आणि सरकारी यादीतले कोरोना मृत्यू ४,२१८. वाढलेला प्रत्येक मृत्यू कोरोनाचाच होता असे यातून सिद्ध होत नाही. तरीही कारणाच्या वादात न अडकता, नेहमीपेक्षा किती माणसे अधिक गेली हे विचारण्याची ही रीत, म्हणजे ‘अतिरिक्त मृत्यू’ ही संकल्पना, त्या बातमीने सामान्य वाचकाच्या हाती दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२१ च्या निकालानंतर मृतांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान ठरले, तेव्हा त्याच गुजरातमध्ये सुमारे दहा हजार अधिकृत मृत्यूंच्या तुलनेत ६० हजारांहून अधिक दावे मंजूर झाले.

५ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतील भारताचे अतिरिक्त मृत्यू सुमारे ४७ लाख असल्याचा अंदाज दिला. अधिकृत आकडा ४ लाख ८१ हजार होता. या हिशेबात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला भारताचे १७१, अमेरिकेचे १४०, ब्रिटनचे १०९ आणि पेरूचे ४३७ मृत्यू येत होते. म्हणजे ज्या देशांशी तुलना करून आपण दोन वर्षे समाधान मानले, त्यांतल्या काहींच्या वर आपण निघालो. हा अंदाज ज्या गणिती प्रारूपावरून काढला होता, त्यावर भारत सरकारने तीव्र आक्षेप घेतला. सतरा राज्यांची माहिती संकेतस्थळांवरून आणि माध्यमांतील बातम्यांतून उचलली, ही त्यातली एक तक्रार होती. ती माहिती बातम्यांतून घ्यावी लागली, कारण सर्व राज्यांची महिनावार नोंद तोवर उपलब्धच नव्हती. २०२० ची नागरी नोंदणी, म्हणजे जन्म-मृत्यूंची सरकारी नोंद, या अंदाजाच्या केवळ दोन दिवस आधी प्रसिद्ध झाली होती.

२०२१ ची नोंदणी यायला मे २०२५ उजाडला. २०१९ मध्ये ७६ लाख आणि २०२० मध्ये ८१ लाख मृत्यूंची नोंद होती. २०२१ मध्ये ती १ कोटी २ लाखांवर गेली. नोंदणीचे प्रमाण दरवर्षी सुधारत असल्याने ही सारी वाढ महासाथीची म्हणता येत नाही, परंतु एका वर्षात सुमारे २१ लाखांची ही वाढ त्या वर्षीच्या सुमारे ३ लाख ३० हजार अधिकृत कोरोना मृत्यूंच्या सहापटीहून अधिक आहे.