सिस्टर नोकरी का सोडतात? पार्श्वभूमी

खासगी रुग्णालयाच्या एचआर विभागात नर्सेसच्या राजीनाम्यांची फाईल उघडली, तर कारणं ठरलेली दिसतात. लग्न ठरलं, सरकारी नोकरी लागली, परदेशी जायचं आहे, आणि उरलेल्या सगळ्यांसाठी ‘वैयक्तिक कारण’. रात्रपाळीनंतर झोप लागत नाही, ड्यूटीवर निघताना पोटात गोळा येतो, नातेवाइकांचा आवाज चढला की हात थरथरतात, असं कोणी लिहीत नाही. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला हाती पडेपर्यंत कोणाशी वाकडं घेऊन चालत नाही. त्यामुळे थकून सोडणाऱ्यांची वेगळी नोंद कधी झालीच नाही. धोरण आखणाऱ्यांनी या गळतीचं खापर आधी लग्नावर, मग आखाती देशांवर आणि मग पगारावर फोडलं. तिन्हीत तथ्य होतं. पण कामाच्या ओझ्याकडे लक्ष जायला फार उशीर झाला, आणि तोवर निघू पाहणारीला अडवायच्या युक्त्या मात्र पक्क्या झाल्या होत्या.

जुन्या काळात फार खोल शिरायची गरज नाही. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं, तेव्हापासूनच वॉर्डाचा बराचसा भार शिकणाऱ्या मुलींवर टाकायची पद्धत पडली. राहणं होस्टेलवर, बाहेर जायला मेट्रनची परवानगी, आणि लग्न झालं की बहुतेकींची नोकरी संपली. जुनी बॅच गळणार आणि नवी येणार हे गृहीतच होतं. १९४६ च्या आरोग्य पाहणी अहवालात देशभरात सुमारे ७ हजार नर्सेसची नोंद आहे, म्हणजे साधारण ४३ हजार लोकांमागे एक. नर्सेसच्या राहण्याच्या आणि कामाच्या परिस्थितीवर त्या अहवालाने ताशेरेही ओढले होते. पुढे सेवाशर्ती तपासायला १९५४ मध्ये एक समिती आली, १९८७ मध्ये दुसरी, उच्चाधिकार म्हणवली जाणारी. नर्सकडून नर्सिंगबाहेरची कामं करून घेऊ नका, असं तेव्हाही सांगून झालं. इंडेंट (सामानाची मागणी) लिहिणाऱ्या, चादरींचा हिशोब देणाऱ्या आणि सिलिंडर संपला म्हणून फोन फिरवणाऱ्या सिस्टरला ही शिफारस कोणी वाचून दाखवली असती, तर तिला हसूच आलं असतं.

खरा गुंता बॉण्डपासून सुरू होतो.

नव्वदच्या दशकानंतर मोठ्या शहरांत कॉर्पोरेट रुग्णालयं उभी राहिली आणि त्याच सुमारास परदेशातली मागणीही वाढली. आखातात सत्तरच्या दशकापासून जाणं सुरू होतंच, त्यात ब्रिटन, आयर्लंड, अमेरिकेची भर पडली. बाहेर जायचं तर दोन-तीन वर्षांचा अनुभव लागतो. मग मुली शिकून थेट मुंबई-दिल्लीच्या रुग्णालयांत येऊ लागल्या, त्यांत केरळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. रुग्णालयांनी त्यांच्याकडून दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घ्यायला सुरुवात केली. मुदतीआधी सोडलं तर ठरावीक रक्कम भरायची, आणि हमी म्हणून मूळ कागदपत्रं जमा करायची. दहावीच्या मार्कशीटपासून नर्सिंग परिषदेच्या नोंदणी प्रमाणपत्रापर्यंत सगळं रुग्णालयाच्या कपाटात. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता पगाराएवढाच असलेल्या मुलीला बॉण्डची रक्कम भरणं शक्य नसे. आणि मूळ कागद नसतील तर दुसरीकडे मुलाखतीलाही उभं करत नसत.

व्यवस्थापनांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. नर्सिंगचा डिप्लोमा (जीएनएम) करून नवी मुलगी येते, व्हेंटिलेटर पहिल्यांदा इथेच हाताळते, सहा महिन्यांनी कामाला तयार होते आणि वर्षाच्या आत दुबईचं तिकीट काढते. मग आम्ही काय शाळा उघडली आहे का, असा त्यांचा सवाल असे. पण ज्याला ते प्रशिक्षण म्हणत, त्या सहा महिन्यांतही ती मुलगी पूर्ण पाळी करत असे, पुष्कळदा बारा तासांची, आणि तिच्याकडे पेशंटही इतरांएवढेच असत. शिकण्याचा खर्च रुग्णालयाचा आणि शिकताना केलेलं काम मात्र फुकटात, असा हा हिशोब होता.

ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातल्या तरुण नर्सने आत्महत्या केली. तिला नोकरी सोडायची होती, पण प्रमाणपत्रं परत मिळत नव्हती, असा सहकाऱ्यांचा आरोप होता. तिथल्या नर्सेसनी काम थांबवलं. त्या हिवाळ्यात दिल्ली, केरळ आणि इतरत्रही खासगी रुग्णालयांतल्या नर्सेस रस्त्यावर आल्या. पगारवाढ ही मागणी होतीच, पण बहुतेक ठिकाणी यादीत वरच्या बाजूला होतं ते ‘आमचे कागद परत द्या’. नर्सिंग शिक्षणाच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेने बॉण्ड घेणं आणि मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं चालणार नाही, अशी भूमिका घेतली. हा निर्णय ऐतिहासिक म्हणून गाजला.

प्रत्यक्षात त्याने किती फरक पडला, यावर मतभेद आहेत. नर्सिंग कॉलेजला मान्यता देणारी संस्था रुग्णालयाच्या नोकरीच्या करारात किती हात घालू शकते, हा पहिला प्रश्न. दुसरा, बॉण्ड हा शब्द गेला तरी त्यामागची सोय राहिली. कुठे सुरुवातीच्या पगारांतून ‘डिपॉझिट’ कापलं जाऊ लागलं, कुठे तीन महिन्यांचा नोटीस पीरियड आला. अनुभवाचा दाखला तर शेवटचं हत्यार ठरला. परदेशी नोंदणीसाठी रुग्णालयाकडून पडताळणी लागते, आणि तो मेल वेळेवर जाईल की नाही हे आधीच्या मॅनेजमेंटच्या मर्जीवर. नर्सेसच्या संघटना २०११ ला विजय मानतात. माझ्या मते तो अर्धाच विजय होता. कपाटातून कागद बाहेर आले, पण मुलगी जायलाच का निघते, हे त्या वेळीही कोणी विचारलं नाही.

सरकारी बाजूला बॉण्ड या शब्दाचा अर्थ नेमका उलटा. शासकीय नर्सिंग महाविद्यालयात शिकलेल्या मुलीने ठरावीक काळ सरकारी सेवा करायची, असं बंधपत्र असे. त्यातून ‘बंधपत्रित अधिपरिचारिका’ (बॉण्डवरच्या स्टाफ नर्स) नावाचा वर्ग तयार झाला. काम कायम सिस्टरचंच, पण नेमणूक तात्पुरती. मुदत संपली की एक-दोन दिवसांचा खंड आणि पुन्हा नवा आदेश. अशी वर्षानुवर्षं काढलेल्या बायका आहेत. काहींना पुढे विशेष परीक्षा घेऊन कायम केलं गेलं, काहींची ज्येष्ठता खंडांमध्ये वाहून गेली. खासगीतली सिस्टर ‘मला सोडा’ म्हणत होती, तेव्हा सरकारीतली ‘मला ठेवा’ म्हणत होती, आणि बाँडपेपरवर सही दोघींचीही होती.

पगाराचा प्रश्न २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं, तिने खाटांच्या संख्येनुसार शिफारशी केल्या. २०० हून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सएवढा पगार, १०० हून जास्त असतील तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला २५ टक्के कमी, आणि त्याखालच्या रुग्णालयांत किमान २० हजार. केरळने संपाच्या दबावाखाली २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली. इतर बहुतेक ठिकाणी शिफारशी कागदावर राहिल्या. तालुक्याच्या वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये काय पगार मिळतो, हे त्या गावात कोणालाही विचारावं.

या सगळ्यात कामाचं ओझं मोजायचं राहिलंच. अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक नर्स, इतरत्र पाच खाटांमागे एक, हे प्रमाण नर्सिंगच्या प्रत्येक पुस्तकात असतं. पण ही एक नर्स पटावरची की पाळीवरची? एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा धरून चार ते साडेचार माणसं लागतात. पट धरला तर तीनाला एकचं प्रत्यक्षात बारा-तेराला एक होतं आणि पाचाला एकचं वीसच्या पुढे जातं. शिवाय पद मंजूर असणं वेगळं, भरलेलं असणं वेगळं. वॉर्डाची इन्चार्ज म्हणजे परिसेविका, प्रसूती रजेवरची, प्रतिनियुक्तीवर पाठवलेली, सगळ्या त्याच पटात मोजल्या जातात.

सरकारी मेडिसिन वॉर्डातली रात्रीची आठची ओव्हर, म्हणजे एका पाळीने दुसरीकडे वॉर्ड सोपवणं, पाहिली तर हे गणित दिसतं. तीस खाटांवर पन्नास-साठ पेशंट, उरलेले खाली गाद्यांवर आणि पॅसेजमध्ये. दोन सिस्टर मिळाल्या तर नशीब. एक केसपेपर घेऊन बेड टू बेड ओव्हर घेते, दुसरी किल्ल्या आणि इमर्जन्सी ट्रे मोजून घेते. दहाची इंजेक्शनं संपेपर्यंत साडेअकरा वाजतात, तेवढ्यात कॅज्युअल्टीतून दोन नवे पेशंट वर येतात. एखादा गेला तर मृतदेहाचं पॅकिंग, नातेवाईक, रजिस्टर. पहाटे पाचला रक्ताचे नमुने, टीपीआर (ताप, नाडी, श्वास), मग सकाळची ओव्हर. बारा तासांत खुर्चीवर बसणं होतं ते फक्त लिहायला, कारण लिहिलं नाही तर मेमो.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्स बर्नआउट होण्याची (कामाच्या ताणाने पार खचून जाण्याची) २३ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. कॅलिफोर्नियाने नर्स-रुग्ण प्रमाणाचा कायदा १९९९ मध्येच केला होता, तो २००४ पासून अमलात आला. आपल्याकडे निकष आहेत, पण ते मोडले म्हणून कोणाची खुर्ची गेल्याचं ऐकिवात नाही. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या अधिक स्पष्ट केली, मात्र त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं. व्याख्या म्हणून ते योग्यच आहे, कारण दोष माणसात नसून कामात आहे असं त्यातून निघतं. पण रजेच्या अर्जाला आजाराचं नाव लागतं. मग सिस्टर कंबरदुखी किंवा व्हायरल लिहून रजा मागते.

मग २०२० आलं. हे वर्ष जागतिक पातळीवर नर्सेस आणि सुईणींचं वर्ष म्हणून आधीच जाहीर झालेलं होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुंबईतलं एक खासगी रुग्णालय २६ नर्सेस बाधित झाल्याने प्रतिबंधित क्षेत्र घोषित झालं. मे महिन्यात कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून मणिपूर आणि इतर राज्यांतल्या तीनशेहून अधिक नर्सेस गावी निघून गेल्या. राजीनाम्यांची अशी लाट बातमीत येण्याची ही बहुधा पहिलीच वेळ. महाराष्ट्रात जम्बो कोविड केंद्रांसाठी हंगामी नर्सेस घेतल्या, लाट ओसरल्यावर त्यांना घरी पाठवलं.

टाळ्या-थाळ्यांच्या त्याच काळात दोन घटना घडल्या, आणि सिस्टर लोकांच्या बोलण्यात त्या कोविडइतक्याच येतात. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून १० बाळं गेली. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण दगावले. भंडाऱ्यात कंत्राटी नर्सेसची सेवा संपवण्यात आली. नगरमध्ये वैद्यकीय अधिकारी महिलेसोबत तीन नर्सेसना अटक झाली. ड्यूटीवर त्या जागी असायला हव्या होत्या का, हा चौकशीचा विषय खराच. पण वायरिंग, अग्निशमन यंत्रणा आणि बांधकाम ज्यांच्या सहीने चालतं त्यांच्याआधी पोलीस सिस्टरपर्यंत पोहोचले, ही भावना राज्यभर पसरली. त्यानंतर घरूनच ‘सोड ती नोकरी’ असं ऐकावं लागलेल्या बऱ्याच जणी आहेत.

मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतामार्फत, म्हणजे खासगी एजन्सीकडून, भरतीच्या विरोधात राज्यातल्या शासकीय रुग्णालयांतल्या नर्सेस संपावर गेल्या. कायम अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी सिस्टरला त्याच वॉर्डात त्याच कामाचे २० हजार एकत्रित मिळत. एजन्सी आली की तेही खाली जाणार, ही भीती होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात दोन दिवसांत ३१ मृत्यू झाले. तेव्हा ५०० खाटांच्या रुग्णालयात दुपटीच्या आसपास पेशंट असल्याचं पुढे आलं. चर्चा औषधांच्या तुटवड्याची जास्त झाली. जुलै २०२५ मध्ये पुन्हा संप झाला, वेतनातली तफावत आणि कंत्राटी भरती याच मागण्यांवर.

देशात नेमक्या किती जणी सोडून गेल्या, हे सांगणारी नोंद नाही, पण अंदाज बांधता येतो. २०२१ मधल्या एका अभ्यासात १० हजार लोकसंख्येमागे नर्स-सुईणींची नोंद १७.७ दिसत होती. प्रत्यक्ष काम करणाऱ्या १०.६ निघाल्या, आणि पुरेशी पात्रता असलेल्या कामातल्या फक्त ६. मधल्या फरकात परदेशी गेलेल्या, निवृत्त झालेल्या, वारलेल्या आणि घरी बसलेल्या सगळ्याच येतात. १९४७ च्या परिचर्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नवा आयोग कायदा झाला. त्यात अद्ययावत नोंदवहीची तरतूद आहे. नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांनी करावं लागतं, त्यामुळे कामातून गेलेल्यांची नावं निदान पाच वर्षांनी तरी गळतील. डोंबिवलीत किंवा लातुरात मेडिकल कोडिंगच्या (उपचारांच्या नोंदी बिलासाठी कोडमध्ये बदलण्याच्या) नोकरीत, विमा कंपनीच्या क्लेम विभागात किंवा नवऱ्याच्या दुकानात बसलेली बीएस्सी नर्सिंग झालेली मुलगी तोवर पटावर धरलेली राहते, आणि तिच्यासारख्यांची संख्या पाहून नव्या नर्सिंग कॉलेजांना परवानगी मिळत जाते.