व्हिक्टोरियाकालीन पूर्वजशोध (इंग्लंड व वेल्स)

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) इंग्लंड व वेल्समध्ये होऊन गेलेल्या व्यक्तीचा जन्म, विवाह, वास्तव्य व मृत्यू दप्तरांवरून ठरविण्याची पद्धती. शोध सहसा मृत्यूपासून मागे नेतात. स्कॉटलंडची नागरी नोंदणी १८५५ मध्ये स्वतंत्रपणे सुरू झाली. तेथील मृत्यूच्या दाखल्यात आईवडिलांची नावे असतात, इंग्लंडच्या दाखल्यात ती नसतात. पुढील अडचणी बव्हंशी यातूनच उद्भवतात.

नागरी नोंदणी १८३६ च्या कायद्यान्वये १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. त्यापूर्वीचा मुख्य आधार पॅरिश (चर्चचा स्थानिक विभाग) चर्चच्या वह्या. त्या ठेवण्याचा आदेश १५३८ चा असला, तरी त्यांत मुख्यतः बाप्तिस्मा व दफन नोंदलेले असते, जन्म व मृत्यू नव्हे. नोंदणी सक्तीची केव्हा झाली, याबाबत एकवाक्यता नाही. अनेक मार्गदर्शिका १८७५ हे वर्ष देतात. मात्र १८३६ च्या कायद्यानेही निबंधकाने विचारल्यास माहिती देणे घरच्यांना बंधनकारक होते. नोंदी मिळविण्याचा भार तेवढा निबंधकावर होता. १८७४ च्या कायद्याने (अंमल १ जानेवारी १८७५) तो कुटुंबावर आला व कसूर केल्यास दंडाची तरतूद झाली. त्यामुळे १८७५ मध्ये सक्ती सुरू झाली असे म्हणण्यापेक्षा जबाबदारी पालटली, असे म्हणणे अधिक युक्त. आरंभीच्या दशकांत जन्मनोंदींत बरीच गळती होती. तिचे मोजमाप लोकसंख्याशास्त्रज्ञ डी. व्ही. ग्लास व एम. एस. टायटेलबॉम यांनी केले आहे. मृत्यूंची गळती कमी मानली जाते, कारण निबंधकाच्या दाखल्याविना दफन केल्यास पाद्र्याला ते सात दिवसांत कळवावे लागे.

दाखल्यात मृत्यूचे ठिकाण व दिनांक, वय, व्यवसाय, कारण आणि खबर देणाऱ्याचे नाव व पत्ता असतो. वय हे खबर देणाऱ्याला जेवढे ठाऊक तेवढेच. खबर देणारा निरक्षर असल्यास सहीऐवजी फुली आढळते. उपचार करणाऱ्या डॉक्टरचे मृत्यूच्या कारणाबाबतचे प्रमाणपत्र १८७४ च्या कायद्यानंतर आवश्यक झाले. आधीच्या दाखल्यांतील ‘क्षय’, ‘जलोदर’, ‘वार्धक्य’ ही कारणे जपून घ्यावीत. मृत्युनोंदींच्या त्रैमासिक सूचीत मृताचे वय १८६६ पासून येते. एकाच जिल्ह्यातील समान नावांच्या दोन व्यक्ती त्यापूर्वी केवळ सूचीवरून वेगळ्या काढणे कठीण. मृत जन्मलेल्या अर्भकांची नोंदणी १९२७ पर्यंत नव्हती.

दहा वर्षांनी होणारी जनगणना हा दुसरा आधार. १८४१ च्या गणनेत पंधरा वर्षांवरील व्यक्तींची वये साधारणतः पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिली आहेत. ‘३५’ म्हणजे ३५ ते ३९. अचूक वय, कुटुंबप्रमुखाशी नाते व जन्मस्थान १८५१ पासून मिळते. १९०१ पर्यंत घरोघर भरलेले तक्ते नष्ट झाले असून गणनाकारांनी केलेली नक्कल तेवढी उपलब्ध आहे.

मृत्युपत्रे जानेवारी १८५८ पर्यंत चर्चच्या न्यायालयांत, नंतर शासकीय प्रोबेट कार्यालयांत प्रमाणित होत. मालमत्ता नसलेल्यांचा माग येथे लागत नाही.

मुंबई, पुणे वा अन्य छावण्यांत वारलेल्या इंग्रजांसाठी चर्चने लंडनला धाडलेल्या नोंदींच्या वार्षिक नकला पाहाव्या लागतात. त्या ब्रिटिश ग्रंथालयातील इंडिया ऑफिस (ब्रिटिश सरकारचे भारतविषयक खाते) दप्तरात असून मुंबई इलाख्याच्या नकला ‘एन/३’ या मालिकेत आहेत.