पाय सहा, पण कीटक नव्हे

कुजक्या पाचोळ्याचा थर उचलला की मातीवरचे काही करडे ठिपके टुणकन उडतात आणि दिसेनासे होतात. हे स्प्रिंगटेल, शास्त्रीय भाषेत कोलेंबोला. बहुतेकांची लांबी तीन मिलिमीटरच्या आतच. पाय सहा असले तरी आज बहुतेक अभ्यासक त्यांना कीटकांत धरत नाहीत, कारण त्यांचे मुखावयव डोक्याच्या आत दडलेले असतात. पंख तर या कुळाला कधी फुटलेच नाहीत. स्कॉटलंडमधल्या रायनीच्या खडकात सापडलेला त्यांचा जीवाश्म सुमारे ४० कोटी वर्षांचा आहे.

उडीचं यंत्र पोटाखाली असतं. दोन टोकांचा एक अवयव तिथे दुमडून आकड्यात अडकवलेला असतो; आकडा सुटला की तो जमिनीवर आपटतो आणि प्राणी हवेत भिरकावला जातो. खोल मातीत उडायला जागाच नसते. तिथल्या जातींत हा अवयव आखूड किंवा नाहीसा झालेला, अंग पांढुरकं आणि डोळेही बहुधा नाहीत.

उडीचं कौतुक पुष्कळ होतं, पण मला त्यांचं चरणं जास्त मोलाचं वाटतं. पानं कुजवण्याचं मुख्य काम बुरशी आणि जिवाणूंचं. स्प्रिंगटेल त्या बुरशीचे तंतू खातात. बेताने खाल्ले तर बुरशी पुन्हा जोमाने वाढते, फडशा पाडला तर कुजणं मंदावतं. सगळ्या बुरश्या त्यांना सारख्या आवडतात असंही नाही. म्हणजे पाचोळ्यातलं नत्र झाडाच्या मुळांना कधी मिळणार, यात या ठिपक्यांच्या आवडीनिवडीचाही वाटा असतो.

ओल्या मातीचा वास ज्या जिओस्मिनमुळे येतो, ते स्ट्रेप्टोमायसेस जिवाणू बनवतात. बीजाणू तयार होताना हा वास सुटतो आणि स्प्रिंगटेल त्याकडे ओढले जातात, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. स्प्रिंगटेल हे जिवाणू खातात. बीजाणू मात्र त्यांच्या अंगाला चिकटून, काही विष्ठेतून, नव्या जागी पोचतात. आपण ज्याला पावसाचा सुगंध म्हणतो, ते खरं तर वाहनाला दिलेलं आमंत्रण!

मातीतल्या विषाची परीक्षाही स्प्रिंगटेलवर होते. फोल्सोमिया कँडिडा या जातीच्या माद्या नराविनाच अंडी घालतात, त्यामुळे प्रयोगशाळेत त्या सोयीच्या. संशयित मातीत त्यांना २८ दिवस ठेवतात आणि शेवटी पिल्लं मोजतात. माद्या धडधाकट दिसत असल्या, तरी पिल्लं घटलेली असू शकतात.