रिळाएवढी गोष्ट

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधल्या ग्राँ कॅफेच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून दहा चित्रपट दाखवले. प्रत्येक जेमतेम ५० सेकंदांचा, कारण त्यांच्या यंत्रात १७ मीटरच फीत मावायची. कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, बाळाला भरवलं जातं, बागेला पाणी घालणाऱ्या माळ्याची एक पोरगा खोडी काढतो. त्या संध्याकाळी यांना ‘लघुपट’ कुणी म्हटलं नाही. चित्रपट एवढाच असायचा. लघुपट ही मोठ्या चित्रपटाची पहिली पायरी असं सर्रास बोललं जातं, पण इतिहासातला क्रम उलटा आहे. लांब चित्रपट मागाहून आला आणि त्याच्यामुळे आधीच्याला ‘लघु’ हे विशेषण चिकटलं.

पुढची पंधरा-वीस वर्षं लांबीचं माप होतं रीळ. हजार फुटांचं एक रीळ, फिरवण्याच्या वेगानुसार साधारण ११ ते १६ मिनिटांचं. अमेरिकेत १९०८ साली एडिसन आणि इतर पेटंटधारकांनी एकत्र येऊन मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी काढली. त्यांच्या परवान्याशिवाय कॅमेरा वापरायचा नाही, प्रोजेक्टर चालवायचा नाही आणि सुरुवातीची काही वर्षं कोडॅकची कच्ची फीतही मिळायची नाही. धंदा रिळाच्या हिशोबाने चालायचा, म्हणून गोष्टही रिळात बसवली जायची. कार्ल लेमले, विल्यम फॉक्स यांच्यासारख्या चित्रपट व्यावसायिकांनी हा जाच मानला नाही आणि त्यांना ‘इंडिपेंडंट’ म्हणू लागले. चित्रपटाच्या धंद्यात ‘स्वतंत्र’ हा शब्द रुजला तो इथे. तेव्हा त्याचा अर्थ शैलीशी किंवा विषयाशी जोडलेला नव्हता. परवाना न घेता काम करणारा तो स्वतंत्र. १९१५ साली न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. तोवर या स्वतंत्रांच्या कंपन्याच मोठ्या होऊ लागल्या होत्या आणि लांब चित्रपटही त्यांनीच जोमाने पुढे आणला.

मग लघुपट मुख्य खेळाआधीची भर झाला. अमेरिकेत १९३० च्या दशकात एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत पसरली, तेव्हा ती जागाही आकसली.

आसरा मिळाला तो आधी एका यंत्राकडून. कोडॅकने १९२३ साली १६ मिलिमीटरची फीत हौशी लोकांसाठी बाजारात आणली. चित्रगृहातल्या ३५ मिलिमीटरच्या नायट्रेट फितीसारखी ती भडकन पेट घ्यायची नाही, कॅमेरा हातात मावायचा आणि खर्चही आवाक्यात असायचा. माया डेरेन यांनी १९४३ साली नवऱ्याबरोबर आपल्याच घरात अशा कॅमेऱ्यावर ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ हा १४ मिनिटांचा मूक लघुपट केला. तो दाखवायला चित्रगृह मिळेना, तेव्हा १९४६ मध्ये न्यूयॉर्कचं एक छोटं नाट्यगृह त्यांनी स्वतः भाड्याने घेतलं. तिथे प्रेक्षकांत बसलेल्या एमॉस फोगेल यांनी पुढच्याच वर्षी ‘सिनेमा १६’ ही फिल्म सोसायटी सुरू केली. चित्रपट करणं आणि तो लोकांपर्यंत नेणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि स्वतंत्र कलावंताला दोन्ही करावी लागतात, हे डेरेन यांनी फार लवकर ओळखलं.

फ्रान्समध्ये वाट वेगळी होती. तिथे १९४० पासून मुख्य चित्रपटाबरोबर लघुपट दाखवणं कायद्याने ठरलेलं होतं. १९५३ साली ते संरक्षण काढून घेतलं गेलं, तेव्हा लघुपट करणारे एकत्र आले, ‘ग्रुप ऑफ थर्टी’ या नावाने त्यांनी जाहीरनामा काढला आणि दर्जा पाहून दिलं जाणारं अनुदान पदरात पाडून घेतलं. आलँ रेने, अन्येस वार्दा, क्रिस मार्कर यांचे त्या काळातले लघुपट या पाठबळावर उभ्या राहिलेल्या वातावरणात झाले. मार्कर यांच्या १९६२ च्या ‘ला जते’मध्ये २८ मिनिटं एकामागून एक स्थिर छायाचित्रं येतात. मध्येच एक झोपलेली स्त्री दिसते. तिची छायाचित्रं एकमेकांत मिसळत जातात आणि अचानक ती डोळे उघडून आपल्याकडे पाहते. चित्रपटातली खरोखरची हालचाल तेवढीच, काही सेकंदांची. पापण्या उघडणं ही केवढी मोठी घटना असते, हे मला त्या क्षणी कळलं.

जर्मनीत १९५४ साली ओबरहाउझेन या कोळसा-पोलादाच्या शहरात लघुपटांचा महोत्सव सुरू झाला. शीतयुद्धाच्या ऐन काळात पूर्व युरोपातले लघुपट तिथे दाखवले जायचे. २८ फेब्रुवारी १९६२ रोजी याच महोत्सवात २६ तरुण चित्रपटकर्मींनी जाहीर केलं की जुना चित्रपट मेला आहे, आमचा नव्यावर विश्वास आहे. ‘नवा जर्मन सिनेमा’ ही पुढची चळवळ याच घोषणेपासून मोजतात. मात्र त्याच जाहीरनाम्यात लघुपटाला कथाचित्रपटाची शाळा आणि प्रयोगभूमी म्हटलं आहे. ज्यांनी लघुपटाच्या जोरावर बंड केलं, त्यांनीही त्याला शाळाच म्हणावं, याचं मला वाईट वाटतं.

कारण पुढच्याच वर्षी त्याच ओबरहाउझेनमध्ये बक्षीस मिळालं ते ‘द हाऊस इज ब्लॅक’ला. इराणच्या कवयित्री फरुग फरुखजाद यांनी तबरीझजवळच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत जाऊन केलेला हा वीसेक मिनिटांचा अनुबोधपट. शेवटाकडे वर्ग भरलेला दिसतो. चार सुंदर गोष्टी सांग, असं शिक्षक म्हणतात. मुलगा सांगतो, चंद्र, सूर्य, फुलं, खेळ. आता कुरूप गोष्टी सांग म्हटल्यावर उत्तर येतं, हात, पाय, डोकं. आणि वर्ग हसतो. आजाराने चेहरे बदललेली ही मुलं कॅमेऱ्यासमोर खळखळून हसतात आणि फरुखजाद यांचा कॅमेरा नजर चोरत नाही, कीवही करत नाही. हा त्यांचा एकमेव चित्रपट. १९६७ साली मोटार अपघातात त्या गेल्या, तेव्हा अवघ्या ३२ वर्षांच्या होत्या. ही कसलीही पूर्वतयारी नव्हती. जे सांगायचं होतं ते तेवढ्यात पूर्ण झालं होतं.

उस्मान सेम्बेन यांचा ‘बोरोम सारेत’ही १९६३ चाच. सेनेगलला स्वातंत्र्य मिळून तीन वर्षं झाली होती. फ्रेंच वसाहतींत सरकारी परवानगीवाचून चित्रीकरण करायला १९३४ पासून बंदी होती आणि त्यामुळे स्थानिकांच्या हाती कॅमेरा जवळपास पडलाच नव्हता. चाळिशीला टेकलेले, कादंबरीकार म्हणून नाव झालेले सेम्बेन मॉस्कोला जाऊन शिकून आले आणि त्यांनी डाकारमधल्या एका घोडागाडीवाल्याचा एक दिवस वीसेक मिनिटांत मांडला. श्रीमंतांच्या वस्तीत गाडी न्यायला मनाई असते. पोलीस अडवतो, गाडीवाल्याचं युद्धातलं पदक खाली पडतं आणि त्यावर पोलिसाचा बूट येतो. राजवट बदलली तरी कुणासाठी बदलली, हा प्रश्न त्या एका बुटात आहे.

पुढचा प्रवास वेगाने झाला. फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँच्या विद्यार्थ्यांनी १९७९ साली लघुपटांचा एक आठवडा भरवला. त्यातून आज जगातला सर्वांत मोठा मानला जाणारा लघुपट महोत्सव उभा राहिला. १९९५ च्या सुमारास डिजिटल व्हिडिओ कॅमेरे आले, २००५ मध्ये यूट्यूब सुरू झालं. फितीचा खर्च गेला, रीळ गेलं, चित्रगृहाच्या मालकाची मनधरणीही बरीचशी गेली. गोष्ट किती लांब असावी हे ठरवणारी कुठलीच वस्तू आता उरलेली नाही, म्हणून ते काम महोत्सवांच्या नियमांकडे आलं आहे. ऑस्करसाठी लघुपट म्हणजे श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंत. कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत मर्यादा १५ मिनिटांची आहे, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी हाताने फिरवलेलं एक रीळ संपायला लागायचा साधारण तेवढाच वेळ.