उलट्या गिटारचा अल्बर्ट किंग

अमेरिकन ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगचा लाइव्ह व्हिडिओ पहिल्यांदा बघताना गिटार वाजवणाऱ्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. आधी वाटतं व्हिडिओ मिरर झालाय. मग कळतं की नाही, माणूस डावखुरा आहे. आणि मग जरा निरखून बघितलं की लक्षात येतं, अरे, तारासुद्धा उलट्या आहेत! त्याने उजव्या हाताने वाजवायची गिटार घेतली, फिरवून धरली आणि तारा आहेत तशाच ठेवल्या. नेहमी बारीक तार जमिनीच्या बाजूला असते, याची वर, हनुवटीच्या बाजूला. रॉक गिटारवाला जिमी हेंड्रिक्सही डावखुरा आणि तोही उजवी गिटार उलटी धरायचा, पण तो निदान तारा काढून परत नीट क्रमाने लावायचा. अल्बर्ट त्या फंदात पडलाच नाही.

हे नुसतं विचित्र म्हणून सांगत नाहीये, कारण पुढे रॉक गिटारमध्ये जे काही झालं त्यातला बराच भाग या उलट्या तारांपर्यंत येऊन पोचतो. ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या संगीतात, तार ताणून सूर वर चढवतात, त्याला बेंड म्हणतात. बाकीचे लोक बारीक तार बोटांनी वर ढकलतात, त्यात बोटं दुखतात आणि सूर एक-दीड पायरी चढला की दम संपतो. अल्बर्टची बारीक तार वरच्या बाजूला, त्यामुळे तो ती खाली ओढायचा, अख्ख्या पंजाचा जोर लावून. सतारीवर मींड घेताना तार खाली ओढतात ना, जवळपास तसंच. त्यात त्याने तारांचा ताण नेहमीपेक्षा बराच कमी ठेवलेला, ट्यूनिंग स्वतःचंच काहीतरी, आणि पिक म्हणजे तार छेडायची चकती न वापरता अंगठ्याने छेडायचा. मग काय, तार हवी तिथपर्यंत जायची, दोन पायऱ्या, कधी त्याहून जास्त, आणि मधल्या कुठल्याही श्रुतीवर थांबायची.

पण हे सगळं साध्या लाकडी गिटारवर जमलं नसतं, आणि इथे थोडं मागे जायला लागतं. अकूस्टिक गिटारची तार ताणली की सूर चढेपर्यंत आवाजच विरतो. इलेक्ट्रिक गिटारला पिकअप असतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी, ती तारेची थरथर विजेत बदलते, अँपमधून, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्रातून, ती मोठी होऊन बाहेर येते आणि सूर टिकतो, माणसाच्या गळ्यासारखा लांबवता येतो. टेक्ससचा ब्लूज गिटारवाला टी-बोन वॉकर हे चाळीसच्या दशकात सगळ्यात आधी नीट करून दाखवणाऱ्यांपैकी, त्याचं ‘स्टॉर्मी मंडे’ १९४७ चं. तिकडे ब्लूज गायक मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीतली शेतमजुरी सोडून शिकागोला गेला आणि तिथल्या दारूच्या गुत्त्यांतल्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच जाईना म्हणून इलेक्ट्रिककडे वळला. त्याच्यासारखे लाखो काळे लोक तेव्हा दक्षिणेतून वर सरकत होते. एकीकडे वंशभेदाचा जाच, दुसरीकडे उत्तरेच्या कारखान्यांत मिळणारी मजुरी, आणि १९४४ मध्ये तर मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर कापूस वेचायच्या मशिनचं प्रात्यक्षिकही झालं, म्हणजे हाताने कापूस वेचणाऱ्यांचे दिवस भरलेच. इलेक्ट्रिक ब्लूज हा आवाजाचा शौक म्हणून कमी आणि गाव सुटल्यामुळे जास्त जन्मला, असं माझं मत.

अल्बर्टही कापूस वेचतच मोठा झालेला. जन्म २५ एप्रिल १९२३, मिसिसिपी राज्यातला. गाव तो इंडियानोला सांगायचा, सरकारी कागदावर मात्र अबर्डीन दिसतं. खरं आडनाव नेल्सन. आठ वर्षांचा असताना घरचे आर्कान्सामध्ये फॉरेस्ट सिटीच्या बाजूला राहायला गेले. सिगारच्या खोक्याची गिटार बनवून सुरुवात केली आणि पहिली खरी गिटार सव्वा डॉलरला घेतली म्हणतात. शिकवायला कोणी नाही, डाव्या हाताची गिटार कोण देणार, त्यामुळे जी मिळाली ती उलटी धरली, एवढी साधी गोष्ट आहे ती.

आता किंग हे नाव. ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग १९५१-५२ च्या सुमारास ‘थ्री ओक्लॉक ब्लूज’मुळे एकदम गाजला, तो इंडियानोलाच्या बाजूचा, आणि त्याच्या वडिलांचं नाव अल्बर्ट. थोड्याच दिवसांत आपले अल्बर्ट नेल्सन अल्बर्ट किंग झाले आणि आपण बी. बी. चा सावत्र भाऊ असंही सांगायला लागले. बी. बी. च्या गिटारचं नाव ल्युसिल, तर याच्या गिटारचं ल्युसी! बी. बी. ने नातं नाकारलं पण माणूस मोठ्या मनाचा, फार ताणून धरलं नाही. पुढे फ्रेडी किंग या तिसऱ्या ब्लूज गिटारवाल्याला धरून ‘तीन किंग’ असं म्हणायची पद्धत पडली, तिघांत रक्ताचं नातं कोणाचंच नाही. मला यात लबाडीपेक्षा धंद्याची जाण जास्त दिसते, पोटापाण्यासाठी बुलडोझर चालवणाऱ्या माणसाला पोस्टरवर चार लोक थांबतील असं नाव हवं होतं.

हो, बुलडोझर खरंच चालवायचा. आर्कान्सामधल्या ओसिओलात टी-९९ नावाच्या क्लबात इन द ग्रूव्ह बॉइज या बँडबरोबर रात्री वाजवायचं आणि दिवसा मिळेल ते काम. मग गॅरी, इंडियाना इथे ब्लूज गायक जिमी रीडच्या मागे चक्क ड्रम वाजवले, १९५३ मध्ये पॅरट या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवर पहिली रेकॉर्ड आली आणि गेली. १९५६ पासून सेंट लुइसच्या आसपास मुक्काम. सव्वासहा फुटांच्या वर उंची, अंगाने आडवातिडवा, आणि गळा मात्र मऊ, त्यामुळे लोक ‘व्हेल्व्हेट बुलडोझर’ म्हणायला लागले. १९६१ मध्ये ‘डोंट थ्रो युअर लव्ह ऑन मी सो स्ट्राँग’ आर अँड बी चार्टवर, म्हणजे काळ्या श्रोत्यांच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, १४ नंबरपर्यंत चढलं. तेव्हा वय ३८. म्हणजे आजच्या हिशेबाने करिअर संपायच्या वयात याची पहिली मोठी हिट.

ल्युसीबद्दल दोन वाक्यं. ती फ्लाइंग व्ही जातीची. गिब्सन या गिटार कंपनीने १९५८ मध्ये ही फ्लाइंग व्ही काढली, बाणाच्या शेपटासारखी दोन पाती असलेली, लोक हसले आणि पहिल्या दोन वर्षांत शंभरसुद्धा बाहेर पडल्या नाहीत. पण दोन्ही पाती सारखी असल्यामुळे ती उलटी धरली तरी अंगाशी नीट बसते, वरचे फ्रेट (दांडीवरच्या पट्ट्या) अडत नाहीत. बाजाराने नाकारलेली गिटार डावखुऱ्या अल्बर्टच्या हातात मात्र फिट्ट. १९७२ मध्ये डॅन एर्लवाइन या गिटार बनवणाऱ्याने जुन्या अक्रोडाच्या लाकडातून त्याला तशीच खास एक बनवून दिली, फ्रेटबोर्डवर अल्बर्टचं नाव जडवलेली.

खरा प्रकार घडला तो मेम्फिसला. १९६६ मध्ये तो स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीत आला. मॅकलमोर अॅव्हेन्यूवरच्या जुन्या सिनेमा थिएटरमध्ये यांचा स्टुडिओ, खालची फरशी थिएटरची म्हणून उतरती, ती तशीच ठेवलेली. तिथे मागे वाजवायला बुकर टी अँड द एमजीज हा कंपनीचा बँड, दोन काळे दोन गोरे, त्या काळच्या मेम्फिसमध्ये हे भलतंच होतं. ही मंडळी गायक ओटिस रेडिंगसारख्यांच्या मागे सोल हे काळ्या लोकांचं नवं लोकप्रिय संगीत वाजवणारी, त्यांना शिकागोचा ठरलेला ब्लूज ठेका वाजवायचाच नव्हता. ड्रमर अल जॅक्सनचा ठेका एकदम आखीव, डक डनचा बास गोल फिरणारा, हॉर्न्स (ट्रंपेट, सॅक्सोफोन) मोजून मापून, आणि त्या सगळ्या शिस्तीवरून अल्बर्टची एक ताणलेली तार आडवी जाते. त्याआधीच्या रेकॉर्ड्स आणि या रेकॉर्ड्स लागोपाठ ऐका, माणूस तोच, गिटार तीच, पण आता भोवती जागा आहे, आणि कमी सूर वाजवणाऱ्याला जागा लागतेच.

१९६७ चा ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ हा अल्बम मुळात बऱ्याचशा सिंगल्सची, म्हणजे एकेका गाण्याच्या सुट्या रेकॉर्ड्सची, बेरीज. शीर्षकगीत बुकर टी आणि विल्यम बेलचं. तेव्हा अमेरिकेत ज्योतिषाची, राशींची लाट आलेली, त्यावरून सुचलं. थोडक्यात वाईट नक्षत्रावर जन्मलो, रांगायला लागल्यापासून मागे लागलेली साडेसाती. आपल्याकडे मूळ नक्षत्रावर जन्मलेल्याच्या घरी जी कुजबुज चालते ना, तेच, फक्त बास लाइनसकट. क्रीम या इंग्रज रॉक बँडने १९६८ मध्ये हेच गाणं केलं आणि ते गोऱ्या पोरांच्या खोल्याखोल्यांत पोचलं. आणि क्रीमचं म्हणाल तर त्यांचा गिटारवाला एरिक क्लॅप्टन याचा ‘स्ट्रेंज ब्रू’मधला सोलो ऐका, १९६७ चाच, सरळ सरळ अल्बर्टच्या स्टॅक्स रेकॉर्ड्समधून उचललेला. चोरी म्हणा, भक्ती म्हणा, त्या काळी दोन्हीत फारसा फरक नव्हता, फक्त पैसे कोणाला मिळाले हा प्रश्न तेवढा उरतो.

१९६८ च्या फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोला बिल ग्रॅहमच्या फिलमोर या रॉक कार्यक्रमांच्या हॉलमध्ये एकाच पोस्टरवर जिमी हेंड्रिक्स, इंग्रज ब्लूजवाला जॉन मेयॉल आणि अल्बर्ट किंग. पंचेचाळिशीला टेकलेला, सूट घातलेला काळा माणूस, समोर लांब केसांची विशीतली गोरी गर्दी. ती गर्दी त्याला आवडली आणि त्यांना तो. मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टच्या उद्घाटनालाही तो होता, रॉक गायिका जॅनिस जॉपलिनच्या बँडबरोबर. जूनमध्ये परत फिलमोरवर ‘लाइव्ह वायर/ब्लूज पॉवर’ रेकॉर्ड झाला, ज्यांना एकच अल्बम ऐकायचाय त्यांना मी हाच सांगतो, त्यातला ‘ब्लूज पॉवर’ दहा मिनिटांचा आहे आणि त्यात तो गप्पा मारत मारत मधेच एक सूर असा खेचतो की पब्लिक ओरडतं. १९६९ मध्ये सेंट लुइसच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबरही वाजवून झालं.

सत्तरचं दशक पुढे पुढे पडत गेलं, डिस्को आली, स्टॅक्सचं १९७५ च्या शेवटी दिवाळं निघालं, हा लेबलं बदलत राहिला. स्वभाव कडक, वादकांना झापायचा, दौऱ्याची बस अनेकदा स्वतःच हाकायचा. त्याच काळात टेक्ससमध्ये ऑस्टिनला अँटोन्स नावाचा क्लब निघाला आणि तिथे एका काटकुळ्या पोराने त्याच्याबरोबर स्टेजवर वाजवलं. तो पोरगा स्टीव्ही रे व्हॉन. १९८३ मध्ये इंग्रज पॉप-रॉक गायक डेव्हिड बोवीच्या ‘लेट्स डान्स’वर याच स्टीव्हीची गिटार आहे, अख्ख्या जगाने त्यावर नाच केला आणि ऐकलेली गिटार ही अल्बर्टची भाषा आहे हे फार थोड्यांना कळलं. त्याच वर्षी ६ डिसेंबरला कॅनडात हॅमिल्टनच्या टीव्ही स्टुडिओत दोघांना समोरासमोर बसवलं. असं सांगतात की अल्बर्टला नावावरून ओळखच पटेना, मग लक्षात आलं, अरे हा तर आपला छोटा स्टीव्ही. त्या रेकॉर्डिंगमध्ये स्टीव्ही सुलटी गिटार घेऊन, जाड तारा लावून, बोटांची सालटी काढत तेच बेंड वर ढकलतोय जे शेजारी बसलेला म्हातारा निवांत खाली ओढतोय. अल्बम यायला १९९९ उजाडलं, तोवर दोघंही नव्हते. स्टीव्ही आधी गेला, १९९० च्या ऑगस्टमध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात, वय ३५.

अल्बर्टने १९९० मध्ये आयरिश गिटारवाला गॅरी मूरच्या अल्बमवर येऊन वाजवलं, शेवटपर्यंत दौरे चालूच. शेवटचा कार्यक्रम लॉस एंजेलिसला १९ डिसेंबर १९९२, आणि दोन दिवसांनी मेम्फिसमध्ये हार्ट अॅटॅक. ६९ वर्षांचा होता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमला त्याची आठवण व्हायला २०१३ साल लागलं, त्याच्यावरून शिकलेले कितीतरी जण तोपर्यंत कधीच आत जाऊन बसले होते.

मेम्फिसच्या बील स्ट्रीटवरून त्याची अंत्ययात्रा निघाली, पुढे मेम्फिस हॉर्न्स वाजवत, तेच ज्यांनी त्याच्या स्टॅक्सच्या गाण्यांवर हॉर्न्स वाजवले होते. पुरलं मात्र मेम्फिसमध्ये नाही. मिसिसिपी नदीचा पूल ओलांडून आर्कान्सामध्ये शिरलं की थोड्या अंतरावर एडमंडसन नावाचं छोटं गाव लागतं, तिथल्या पॅराडाइज गार्डन्समध्ये. त्याच दिशेला आणखी पुढे गेलं की फॉरेस्ट सिटी.