टिश्यू कशात टाकायचा? फॉर्मॅलिन, बुईन की कार्नॉय

शरीरातून काढलेला टिश्यूचा, म्हणजे ऊतीचा, तुकडा नुसता ठेवला की पेशींमधलेच एन्झाइम त्याला आतून पचवायला लागतात, वर बॅक्टेरिया असतातच, म्हणून तो लगेच फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे टिश्यू आहे तसा टिकवणाऱ्या द्रावणात, टाकायचा. पण कुठल्या, हे खरंच नीट विचार करून ठरवायला हवं, कारण प्रत्येक केमिकल काहीतरी वाचवतं आणि काहीतरी घालवतं.

सगळ्यात जास्त वापरतात ते 10% फॉर्मॅलिन. 1893 मध्ये फर्डिनांड ब्लुम जंतुनाशक म्हणून त्याची तपासणी करत होता, तर त्याच्या बोटांची कातडीच कडक झाली, आणि तिथून हा वापर सुरू झाला. बाटलीतलं मूळ फॉर्मॅलिन म्हणजे 37 ते 40% फॉर्माल्डिहाइड, त्यामुळे 10% फॉर्मॅलिनमध्ये फॉर्माल्डिहाइड असतं जेमतेम 4%. ते प्रोटीन्सना एकमेकांशी जोडून टाकतं. आत शिरतं बऱ्यापैकी पटकन पण जोडण्याचं काम सावकाश चालतं, म्हणून तुकडा 3-4 मिलिमीटर जाडीचा कापायचा, निदान दहापट फॉर्मॅलिन घ्यायचं आणि साधारण 24 तास हात लावायचा नाही. बफर (ॲसिडिकपणा वाढू न देणारं द्रव्य) मात्र हवाच, नाहीतर ते ॲसिडिक होतं आणि प्लीहेसारख्या रक्ताने भरलेल्या अवयवात तपकिरी-काळे कण दिसतात, जे मलेरियाचे समजून माणूस फसू शकतो.

आता उंदराचं वृषण घ्या. फॉर्मॅलिनमधल्या स्लाइडवर शुक्रपेशी बनवणाऱ्या नळ्या आक्रसलेल्या, न्यूक्लियस धूसर, शुक्रपेशी कुठल्या टप्प्यावर आहेत ते सांगणं अवघड. बुईनमध्ये, म्हणजे पिक्रिक ॲसिड, फॉर्मॅलिन आणि ॲसिटिक ॲसिडच्या पिवळ्याजर्द मिश्रणात टाकलेल्या वृषणात क्रोमॅटिन (न्यूक्लियसमधला डीएनए-प्रोटीनचा भाग) इतकं स्वच्छ दिसतं की बघतच राहावं! पण त्यात लाल रक्तपेशी फुटतात, डीएनएचे तुकडे होतात, म्हणजे पुढे पीसीआर (डीएनएच्या प्रती काढून तपासणी) करायचा असेल तर बुईन नकोच, शिवाय पिक्रिक ॲसिड कोरडं पडलं तर स्फोट होऊ शकतो, ते कायम ओलं ठेवावं लागतं. म्हणून हल्ली वृषणासाठी बरेच जण मॉडिफाइड डेव्हिडसन नावाचं फिक्सेटिव्ह वापरतात आणि मला ते पटतं.

यकृतातलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) बघायचंय? मग कार्नॉय, अल्कोहोल-क्लोरोफॉर्म-ॲसिटिक ॲसिडचं, एक ते तीन तासांत काम होतं, पण टिश्यू आक्रसतो आणि चरबी विरघळून जाते.

त्याच यकृतातली चरबीही बघायची असेल तर आधीच दोन तुकडे करा, दुसरा फॉर्मॅलिनमध्ये टाका आणि काप काढण्यासाठी नेहमीसारखं पॅराफिन मेणात न घालता फ्रोझन सेक्शन (गोठवून पातळ काप) काढा, कारण पॅराफिनच्या आधीचं अल्कोहोल आणि झायलीन चरबी धुऊन नेतात.