कद्दीशमध्ये मृत्यूचा उल्लेखच नाही

कद्दीश म्हणजे ज्यूंची मृतांसाठीची प्रार्थना, असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. आई-वडील गेल्यावर मुलं 11 महिने आणि पुढे दरवर्षी तिथीला कद्दीश म्हणतात, हे खरं; पण त्या मुख्यतः अरामी या प्राचीन भाषेतल्या ओळींत मृत्यू नाही, गेलेल्याचं नाव नाही, शोकाचा शब्दही नाही. आहे ती देवाच्या नावाची थोरवी आणि शेवटी शांतीची याचना.

ही स्तुती चारचौघांतच करायची, एकट्याने नाही. परंपरेप्रमाणे 13 वर्षांवरचे 10 पुरुष जमावे लागतात. सुधारणावादी मंडळी बायकांनाही मोजतात. दुःखातला माणूस उभा राहून म्हणतो, बाकीचे ‘आमेन’ म्हणत त्याला साथ देतात.

मला सर्वांत भावतं ते धर्माभ्यासानंतरचं कद्दीश: त्यात गुरू, शिष्य आणि शिष्यांचे शिष्य, सगळ्यांचं भलं मागितलेलं असतं.